लडाखची ग्रुप टूर: आई-वडिलांना घेऊन जाण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

चरईकर

नमस्कार.

येत्या जूनमध्ये आई-वडिलांना घेऊन एका सहल कंपनीबरोबर लडाखला जाण्याचा आमचा विचार जवळजवळ पक्का झाला आहे. वडील ६६ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. तो गोळ्यांनी आटोक्यात आहे. आई ६२ वर्षांची असून तिला रक्तदाबासाठी रोज एक गोळी घ्यावी लागते. दोघांचीही चाल चांगली आहे आणि सकाळी मासुंदा तलावाभोवती फेऱ्या मारण्याचा नेम ते सहसा चुकवत नाहीत. मात्र महाबळेश्वरपेक्षा उंच ठिकाणी त्यांनी आजवर कधी मुक्काम केलेला नाही, आणि माझ्या काळजीचे मूळ तेच आहे.

कंपनीने दिलेला कार्यक्रम असा आहे. पहिल्या दिवशी पहाटेच्या विमानाने मुंबईहून लेह आणि तेथे विश्रांती. दुसऱ्या दिवशी संगम, मॅग्नेटिक हिल, पत्थर साहिब गुरुद्वारा व आल्ची पाहून लेहला परत. तिसऱ्या दिवशी खारदुंग ला ही खिंड ओलांडून नुब्रा खोऱ्यात हुंडर येथे मुक्काम. चौथ्या दिवशी तुर्तुक पाहून पुन्हा हुंडर. पाचव्या दिवशी श्योक नदीच्या काठाने थेट पँगाँग सरोवर व तेथे तंबूत मुक्काम. सहाव्या दिवशी चांग ला मार्गे लेह. सातव्या दिवशी ठिकसे व हेमिस मठ, आणि आठव्या दिवशी परतीचे विमान. बरोबर वीस-पंचवीस प्रवासी आणि एक टूर मॅनेजर असतील.

कंपनीच्या कार्यालयात चौकशी केली तेव्हा "आमच्याबरोबर सत्तरीचेही प्रवासी येतात, काळजी करू नका" असे उत्तर मिळाले. उत्तर देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण तेवढ्याने माझे समाधान झालेले नाही. हा कार्यक्रम या वयाच्या माणसांना झेपण्यासारखा आहे का? हातात असलेल्या तीन महिन्यांत ठाण्यातल्या ठाण्यात काय तयारी करता येईल? औषधांबाबत डॉक्टरांना नेमके काय विचारावे? नातेवाइकांनी कापराच्या पुड्या व प्राणवायूचे छोटे डबे नेण्याचा आग्रह धरला आहे. त्यांचा खरोखर उपयोग होतो का, हेही कृपया सांगावे.

पांडवकडा

नमस्कार. मी खारघरला राहतो आणि ज्येष्ठ नातेवाइकांबरोबर अशा सहलींना गेलेलो आहे, त्यामुळे आपला प्रश्न अगदी जवळचा वाटला. व्यायाम, कपडे आणि औषधे यांकडे नंतर वळता येईल. प्रथम कार्यक्रम तपासावा, कारण विरळ हवेचा त्रास होणार की नाही हे माणूस किती तंदुरुस्त आहे यापेक्षा तो किती वेगाने उंचावर चढला यावर अधिक अवलंबून असते. रोज सकाळी येऊरचा चढ धावत चढणारा तरुण लेहमध्ये पहिल्याच रात्री डोके धरून बसतो आणि त्याच्या शेजारच्या खोलीतील सत्तरीच्या आजी शांत झोपतात, हे तेथे नेहमी दिसणारे चित्र आहे.

लेह शहर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेतही प्राणवायूचे प्रमाण आपल्याकडच्याइतकेच, म्हणजे सुमारे २१ टक्केच असते. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश इतकाच असल्यामुळे प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. विमानाने गेल्यास ही सगळी उंची आपण काही तासांत गाठतो. उंचीच्या आजारांवर काम करणारे डॉक्टर जो नियम सांगतात तो असा की, ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. येथे मुक्कामाची उंची, म्हणजे रात्री आपण जेथे झोपतो ती उंची, सर्वांत महत्त्वाची धरलेली आहे. दिवसा खिंडीवर पंधरा-वीस मिनिटे थांबून खाली उतरणे शरीराला बहुधा सोसते, पण तेवढ्याच उंचीवर रात्र काढणे ही वेगळी गोष्ट आहे.

आपला कार्यक्रम याच नजरेने पाहू. लेहच्या दोन रात्री ३,५०० मीटरवर, हुंडरच्या दोन रात्री सुमारे ३,१०० मीटरवर आणि पँगाँगची रात्र ४,२०० मीटरच्याही वर. लेहनंतर नुब्रा ठेवले आहे ही चांगली गोष्ट आहे, कारण नुब्रा खोरे लेहपेक्षा खाली आहे. मात्र हुंडरहून पँगाँगला जाताना एका दिवसात मुक्कामाची उंची हजार मीटरहून अधिक वाढते, आणि संपूर्ण कार्यक्रमातील खरी अडचण येथे आहे. खारदुंग लाची भीती सर्वांना वाटते, कारण तेथील फलकावर १८,३८० फूट लिहिलेले आहे (मोजमापांनुसार ती खिंड प्रत्यक्षात सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या आसपास आहे). पँगाँगच्या तंबूतल्या रात्रीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

पँगाँगबाबत आणखी एक गोष्ट नकाशा समोर ठेवून समजून घ्यावी. उंचीचा त्रास वाढल्यास खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय असतो. पँगाँगहून लेहला येण्याचा नेहमीचा रस्ता मात्र चांग लावरून, म्हणजे सुमारे ५,३५० मीटरवरून जातो. खाली येण्यासाठी आधी हजार मीटर वर चढावे लागते. श्योकच्या काठाने नुब्राकडे परत गेल्यास तेवढी उंच खिंड लागत नाही आणि दिस्कितला सरकारी रुग्णालय आहे, पण तो रस्ताही लांबचा आहे आणि काही ठिकाणी खराब आहे. म्हणून पँगाँगला निघण्यापूर्वी दोघांची प्रकृती पूर्णपणे ठीक असणे आवश्यक आहे. "तेथे पोहोचल्यावर बरे वाटेल" या आशेवर निघू नये.

आता कंपनीला काय विचारावे ते सांगतो. वयाबद्दल विचारल्यास "सर्व वयाचे लोक येतात" हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी असे विचारावे: लेहमध्ये दोनऐवजी तीन रात्री ठेवता येतील का? प्रत्येक गाडीत मुखवटा व रेग्युलेटर असलेला प्राणवायूचा मोठा सिलिंडर असतो का, आणि तो वापरता येणारे माणूस त्याच गाडीत असते का? एखाद्या प्रवाशाला त्रास झाल्यास त्याच्याबरोबर कोण थांबते, त्याच्यासाठी वेगळी गाडी कोण पाहते आणि तिचा खर्च कोणी करायचा? एखाद्याने ठरलेल्या दिवशी पुढे जाण्यास नकार दिला, तर तो मागच्या मुक्कामी राहून पुन्हा गटात सामील होऊ शकतो का? या प्रश्नांची उत्तरे ईमेलवर लेखी घ्यावीत.

शेवटच्या प्रश्नावर माझा सर्वांत अधिक भर आहे. गटाने प्रवास करताना माणसे आपला त्रास लपवतात. सकाळी डोके जड असते, नाश्ता जात नाही, पण आपल्यामुळे वीस जणांचा खोळंबा होईल या संकोचाने "काही नाही, झोप नीट झाली नाही एवढेच" असे म्हणून गाडीत बसतात. आपल्या आई-वडिलांच्या पिढीत हा संकोच फार खोल असतो. तेव्हा निघण्यापूर्वी घरीच बसून त्यांच्याशी स्पष्ट बोलून ठेवावे, की त्यांनी त्रास सांगितला तर आपण तिघेही थांबू, पैसे बुडाले तरी चालतील आणि त्याबद्दल कोणाला वाईट वाटणार नाही. तीन महिन्यांच्या तयारीत मी या संभाषणाला पहिले स्थान देईन.

रजा आणि खर्च यांचा मेळ बसत असेल, तर श्रीनगरमार्गे रस्त्याने जाण्याचाही विचार करावा. श्रीनगर साधारण १,६०० मीटरवर, कारगिल २,७०० मीटरच्या जवळ आणि त्यानंतर लेह, अशी उंची टप्प्याटप्प्याने वाढते. मनालीचा रस्ता यासाठी योग्य नाही; त्या वाटेवरचा सर्चूचा मुक्काम लेहपेक्षाही बराच उंच, सुमारे ४,३०० मीटरवर पडतो.

नौपाडा

मी ठाण्यात जनरल प्रॅक्टिस करते, आणि उन्हाळा जवळ आला की असे प्रश्न घेऊन बरेच जण येतात. पुढे जे लिहीत आहे ते आपल्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे. औषधाचा अंतिम निर्णय दोघांना प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यावा.

सहलीच्या किमान सहा आठवडे आधी दोघांचे हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची तपासणी), तीन महिन्यांची सरासरी साखर आणि ईसीजी करून घ्यावे. हिमोग्लोबिन कमी असेल तर विरळ हवेत त्याची उणीव अधिक जाणवते आणि ते भरून येण्यास काही आठवडे लागतात, म्हणून ही तपासणी शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नये. जिना चढताना छातीत दडपण येत असेल किंवा पूर्वी हृदयविकाराचा त्रास झालेला असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीशिवाय तिकिटेही काढू नयेत.

उंचीच्या त्रासाला प्रतिबंध म्हणून ॲसिटाझोलामाइड हे औषध दिले जाते. डायमॉक्स या नावाने ते बहुतेकांना ठाऊक आहे. प्रौढांसाठी नेहमीची प्रतिबंधक मात्रा १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा अशी असते आणि चढाईच्या आदल्या दिवशी ते सुरू करतात. थेट विमानाने लेहला उतरणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. परंतु ते शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेण्याचे औषध नाही. सल्फा औषधांची तीव्र ॲलर्जी असल्यास किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे लागते. आपल्या आईची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणाऱ्या घटकाची असेल, तर दोन्ही औषधांमुळे शरीरातील पोटॅशियम कमी होऊ शकते. वडिलांच्या गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांपैकी काही आहे का, हे आवर्जून पाहावे. या गटातील औषधे घेणाऱ्यांच्या शरीरातील पाणी कमी झाले आणि खाणेही घटले, तर रक्तातील आम्ल वाढण्याचा धोका असतो, आणि उंचीवर भूक मंदावते ही नेहमीची गोष्ट आहे. दोघांच्या सर्व औषधांची चिठ्ठी समोर ठेवूनच हा निर्णय व्हावा. डायमॉक्स घेतल्यावर बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावे लागते आणि सोड्याच्या पेयांची चव बदलते. या परिणामांची पूर्वकल्पना असली म्हणजे माणूस घाबरत नाही. घरी असतानाच डॉक्टरांच्या देखरेखीखाली एक-दोन दिवस घेऊन पाहणे चांगले.

रक्तदाब पहिल्या काही दिवसांत थोडा वाढतो, म्हणून नेहमीची गोळी चुकवू नये आणि स्वतःहून वाढवूही नये. ग्लुकोमीटर थंडीत चुकीचे आकडे दाखवू शकतो. तो आणि त्याच्या पट्ट्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्यात.

आता लक्षणांविषयी. उंचीवर पोहोचल्यानंतर साधारण सहा ते बारा तासांनी डोके दुखू लागते आणि त्याबरोबर मळमळ, भूक न लागणे, गळून गेल्यासारखे वाटणे किंवा चक्कर यांपैकी काही जाणवते. याला उंचीचा सौम्य त्रास म्हणतात. अशा वेळी त्याच उंचीवर थांबावे, विश्रांती घ्यावी, डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल घ्यावी आणि लक्षणे पूर्ण जाईपर्यंत वर चढू नये. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते. दोन लक्षणे मात्र वेगळी ओळखावीत. स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागत असेल आणि खोकला येत असेल, तर फुप्फुसांत पाणी साठण्यास सुरुवात झालेली असू शकते. हा विकार बहुधा पोहोचल्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दिसतो. एका पावलापुढे दुसरे पाऊल टेकवत सरळ रेषेत चालता येत नसेल, किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर मेंदूला सूज आलेली असू शकते. या दोन्ही स्थितींत रात्र सरण्याची वाट पाहू नये; ताबडतोब प्राणवायू लावून खाली न्यावे व रुग्णालय गाठावे. लेहमधील सोनम नुर्बू स्मृती रुग्णालयाला अशा रुग्णांवर उपचार करण्याचा मोठा अनुभव आहे. सौम्य डोकेदुखी असली तरी तेथे जाऊन तपासून घेण्यास संकोच करू नये.

रात्री झोपेत श्वास काही क्षण थांबून पुन्हा खोल सुरू होतो आणि माणूस दचकून जागा होतो, हे उंचीवर पुष्कळांना होते व ते स्वतः धोकादायक नसते. बरोबरच्या माणसांना हे माहीत नसल्यास ती फार घाबरतात. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी किंवा मद्य मात्र अजिबात घेऊ नये, कारण दोन्हींमुळे श्वासाची गती मंदावते.

कापराबद्दल आपण विचारले आहे. कापूर हुंगल्यावर नाकात गार वाटते आणि श्वास मोकळा झाल्यासारखा भास होतो. रक्तातील प्राणवायू त्याने वाढत नाही. हानी अशी होते, की बरे वाटल्याच्या समजुतीने माणूस वर चढत राहतो. लहान मुले बरोबर असतील तर कापूर त्यांच्या हाती लागू देऊ नये. पोटात गेल्यास त्यांना झटके येऊ शकतात. प्राणवायूच्या छोट्या डब्यांतील साठा काही मिनिटांतच संपतो, आणि ते विमानात नेण्यास परवानगीही नाही. बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे यंत्र अवश्य न्यावे, पण लेहमध्ये पहिल्या दिवशी आकडा ८५ ते ९० च्या दरम्यान दिसला तर तेवढ्याने हादरून जाऊ नये. बोटे गार असल्यासही तो प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. आकडा आणि माणसाची प्रत्यक्ष अवस्था दोन्ही एकत्र पाहावीत.

निघण्याच्या आठवड्यात सर्दी-खोकला किंवा ताप आला, तर सहल पुढे ढकलावी, असे मी आग्रहाने सांगेन. श्वसनमार्गाचा संसर्ग अंगावर घेऊन उंचीवर जाणे धोक्याचे आहे.

नेरूळची वाचक

वरील दोन्ही प्रतिसादांत महत्त्वाचे बरेच आले आहे. मी व्यायामाविषयी आणि विशेषतः आपल्या आईच्या दृष्टीने थोडे लिहिते.

ठाण्यात राहून विरळ हवेची सवय करता येत नाही, हे आधी मान्य करावे. प्राणायामाने मन शांत राहते, पण लेहच्या हवेशी जुळवून घेण्याचे काम शरीर लेहमध्येच करते. येथे करायचे ते पाय, गुडघे आणि दम यांच्यासाठी. मठांना पायऱ्या पुष्कळ असतात, आणि ठिकसेच्या पायऱ्या सपाटीवरून आलेल्या माणसाला थकवतात. मासुंदा तलावाच्या फेऱ्या सपाट आहेत. त्यांच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस उपवनपासून येऊरच्या रस्त्याने वर चालत जावे. वेग इतकाच ठेवावा की चालताना बोलता यावे. ज्या दिवशी बाहेर पडणे जमणार नाही त्या दिवशी इमारतीचा जिना चढावा आणि उतरताना लिफ्ट वापरावी, म्हणजे गुडघ्यांवरचा भार वाचतो. शेवटच्या आठवड्यात व्यायाम हलका करावा. दमलेल्या शरीराने विमानात बसू नये. मुंबईचे विमान पहाटेचे असल्यामुळे ठाण्याहून मध्यरात्रीनंतर लगेच निघावे लागते आणि झोप होतच नाही. त्यामुळे लेहचा पहिला दिवस पूर्णपणे खोलीत काढावा, शांती स्तूपाचा सूर्यास्त किंवा बाजारातली चक्कर यांपैकी काहीही त्या दिवशी करू नये.

ज्या गोष्टीविषयी स्त्रिया सहसा मोकळेपणाने बोलत नाहीत ती येथे लिहिते. लडाखच्या रस्त्यांवर स्वच्छतागृहे फार अंतराने आहेत, म्हणून आपल्याकडच्या बहुतेक ज्येष्ठ महिला सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्या कोरड्या हवेत हे घातक आहे. डोकेदुखी वाढते आणि ती उंचीमुळे आहे की पाणी कमी पडल्यामुळे, हे कळेनासे होते. डायमॉक्स घेत असल्यास लघवीला जावे लागणारच. गाडी किती वेळाने आणि कोठे थांबेल हे टूर मॅनेजरला पहिल्याच दिवशी विचारावे, आणि गाडी थांबवा असे आईला सांगावे लागू नये यासाठी ते आपणच सांगावे. पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे. एकदम लिटरभर पिऊन उंचीचा त्रास टळत नाही.

ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढची जागा मागून घ्यावी. ग्रुप टूरमध्ये जागा रोज बदलतात, पण घाटातील वळणांमुळे होणारी मळमळ आणि उंचीची मळमळ यांत गोंधळ होऊ नये एवढ्यासाठी तरी हा अपवाद करण्याची विनंती करावी.

कपड्यांची खरेदी आटोपशीर ठेवावी. एक जाड कोट घेण्यापेक्षा अंगाला चिकटून बसणारे थर्मल, त्यावर फ्लीस आणि सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट असे तीन थर चांगले, कारण जूनमध्ये लेहला दुपारी ऊन चटका देते आणि पँगाँगला रात्री कडाक्याची थंडी असते. घामाने ओला झालेला सुती बनियन अंगावर राहू देऊ नये. कानटोपी, गडद चष्मा, सनस्क्रीन, ओठांसाठी मलम आणि नाकाच्या आतून लावायला व्हॅसलीन न्यावे. कोरड्या हवेने नाकातून रक्त येते आणि माणसे उगाच घाबरतात.

एक व्यावहारिक गोष्ट: महाराष्ट्रातील प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. तिघांपैकी किमान दोघांकडे पोस्टपेड असावे. पैसे रोख बाळगावेत आणि मूळ ओळखपत्र कायम जवळ ठेवावे. हवामानामुळे लेहची विमाने रद्द होतात, तेव्हा परतल्यानंतरचा एक दिवस रजेत मोकळा ठेवावा.

चरईकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या आपुलकीने आणि सविस्तर उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते.

काल कंपनीशी पुन्हा बोललो. पूर्ण गटाचा कार्यक्रम बदलता येणार नाही असे त्यांनी सांगितले, परंतु आम्ही जॉइनिंग-लीव्हिंग पद्धतीने नोंदणी केल्यास विमानाची तिकिटे आमची आम्ही काढून दोन दिवस आधी लेहला पोहोचू शकतो, त्याच हॉटेलात स्वखर्चाने राहू शकतो आणि गट आल्यावर त्यात सामील होऊ शकतो. म्हणजे नुब्राला निघण्यापूर्वी लेहमध्ये चार रात्री मिळतील. प्राणवायूचा सिलिंडर प्रत्येक गाडीत असतो हे त्यांनी ईमेलवर लिहून दिले आहे. प्रवास विम्याच्या कागदांत ठराविक उंचीच्या वरच्या आजारांना वगळणारे कलम सापडले, म्हणून ती पॉलिसी बदलून घेत आहे. वडिलांच्या चिठ्ठीत डापाग्लिफ्लोझिन आहे. पुढच्या सोमवारी त्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

एक शंका उरते. पँगाँगच्या आदल्या दिवशी दोघांपैकी कोणा एकाला जरी बरे वाटत नसेल, तर हुंडरहून आम्ही नेमके काय करावे?

पांडवकडा

दोन दिवस आधी जाण्याचा निर्णय उत्तम आहे. त्या दोन दिवसांत आल्चीकडे जाण्याची घाई करू नये. गट आल्यावर ते ठिकाण कार्यक्रमात आहेच.

हुंडरच्या प्रश्नाचे उत्तर तेथे गेल्यावर शोधू नये, ते लेहमध्येच तयार ठेवावे. गट श्योकच्या रस्त्याने पँगाँगकडे निघाला की त्या दिवशी कंपनीची गाडी लेहच्या दिशेने परत येत नाही, म्हणून आपल्याला वेगळी टॅक्सी लागेल. लेहच्या टॅक्सी युनियनचे दरपत्रक ठरलेले असते; ते आधीच पाहून नुब्रा ते लेह या फेरीसाठी लागणारी रक्कम बाजूला ठेवावी, आणि हॉटेलच्या मालकाकडून हुंडर किंवा दिस्कितच्या एखाद्या चालकाचा क्रमांक घेऊन ठेवावा. बाहेरच्या राज्यात नोंदलेल्या गाड्यांना तेथे पर्यटकांची स्थानिक वाहतूक करू दिली जात नाही, त्यामुळे स्थानिक चालकच शोधावा.

पाचव्या दिवशी सकाळी नाश्त्यापूर्वी दोघांना स्वतंत्रपणे विचारावे: डोके दुखते आहे का, रात्री धाप लागली का, खावेसे वाटते आहे का. एकालाही त्रास असेल तर पँगाँगला जाऊ नये. त्रास सौम्य असेल तर हुंडरलाच आणखी एक दिवस राहावे, कारण परत लेहला येतानाही खारदुंग ला ओलांडावाच लागतो आणि डोके दुखत असताना ती खिंड चढणे योग्य नाही. धाप किंवा खोकला असेल तर आधी दिस्कितच्या रुग्णालयात दाखवावे आणि पुढचा प्रवास तेथील डॉक्टर सांगतील तसा करावा. गट सहाव्या दिवशी संध्याकाळी लेहला परत येतो, तेव्हा सातव्या दिवशीच्या ठिकसे व हेमिसच्या कार्यक्रमात आपल्याला पुन्हा सामील होता येईल. टूर मॅनेजरला ही पर्यायी योजना पहिल्याच संध्याकाळी सांगून ठेवावी.